टोपीचा ‘यू’ आणि बिनटोपीचा ‘यू’: फ्रेंच व्याकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच रूपाभोवती फिरतात: स्यूब्जोंक्तिफचा (शंका, भीती अशा अर्थांच्या पोटवाक्यांत येणारा क्रियापदाचा प्रकार) प्ल्यू-क-पार्फे (आधीच घडून गेलेले सांगणारा काळ). फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. लेखनातली मुकी अक्षरे त्यात दिसत नाहीत, म्हणून जिथे स्पेलिंग महत्त्वाचे आहे तिथे ते वेगळे सांगितले आहे.

प्रश्न : हे रूप तयार कसे करायचे? पाठ्यपुस्तकात एक तक्ता आहे, पण तो कुठून आला ते कळत नाही.

उत्तर : दोनच तुकडे आहेत: सहायक क्रियापदाचे स्यूब्जोंक्तिफ अँपार्फे (अपूर्ण भूतकाळ) आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. सहायक आव्वार (जवळ असणे) की एत्र (असणे), हे पासे कोंपोझेत (बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ) ठरते तसेच ठरवायचे. तिथे जे क्रियापद एत्र घेते, ते इथेही एत्रच घेते.

तक्त्याचे मूळ पासे सँप्लमध्ये, म्हणजे लेखी कथनातल्या भूतकाळात, आहे. आव्वारचे तृतीय पुरुषी एकवचनी रूप ‘इल यू’ (ई-यू-टी) घ्या, शेवटचा टी काढा आणि उरलेल्या ई-यूला प्रत्यय लावा. मग मिळते: ज्यूस, त्यू यूस, इल यू, नू-झ्यूसियों, व्हू-झ्यूसिये, इल-झ्यूस. एत्रचे ‘इल फ्यू’ घेतले तर: ज फ्यूस, त्यू फ्यूस, इल फ्यू, नू फ्यूसियों, व्हू फ्यूसिये, इल फ्यूस. सहापैकी पाच रूपांत एस दोनदा येतो. तृतीय पुरुषी एकवचनात एस येत नाही; तिथे यूवर टोपी, म्हणजे आक्साँ सिर्कोंफ्लेक्स, चढते आणि शेवटी मुका टी राहतो. वाचताना भेटणारी रूपे बहुतांशी हीच असतात, म्हणून पाठांतर इथूनच सुरू करा.

नकार सहायकाभोवती येतो: ‘किल न्यू पा कोंप्री’. सर्वनाम सहायकाच्या आधी येते. धातुसाधिताच्या लिंगवचनाचे नियम नेहमीचेच आहेत. ‘ले लेत्र’, म्हणजे पत्रे, स्त्रीलिंगी अनेकवचनी. ती सर्वनामाच्या रूपात आधी आली की ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते: ‘ब्यँ केल ले-झ्यू-तेक्रीत’, तिने ती लिहिली होती तरीही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक एत्रच्या स्वतःच्या रूपात होते. ‘तो होता’ हे एत्र वापरून सांगायचे, म्हणून विद्यार्थी सहायकही एत्रच घेतात आणि ‘किल फ्यू-तेते’ लिहितात. एत्रला सहायक आव्वारच लागतो: ‘किल यू-तेते’.

प्रश्न : अँपार्फे आणि प्ल्यू-क-पार्फे यांत अर्थाचा फरक नेमका किती? वर्गात दोन्हींचे भाषांतर सारखेच सांगितले जाते.

उत्तर : फरक आधी-नंतरचा आहे, आणि तो मोठा आहे. ही दोन वाक्ये पाहा:

ज क्रेन्ये केल न पार्ती. (ती जाईल अशी मला भीती वाटत होती.)

ज क्रेन्ये केल न फ्यू पार्ती. (ती निघून गेली असेल अशी मला भीती वाटत होती.)

पहिल्यात जाणे अजून घडलेले नाही. दुसऱ्यात ते घडून गेले असावे, भीती त्याच्या नंतरची आहे. पहिल्या वाक्यातले ‘पार्ती’ हे अँपार्फेचे रूप, आयवर टोपी आणि शेवटी टी. दुसऱ्यातले ‘पार्ती’ हे धातुसाधित, स्त्रीलिंगामुळे शेवटी मुका ई. कानाला दोन्ही एकच, सगळा फरक ‘फ्यू’वर उभा आहे.

या वाक्यांतला ‘न’ नकाराचा नाही. भीतीच्या क्रियापदांनंतर, तसेच ‘आव्हाँ क’ (आधी), ‘आ म्वँ क’ (नसल्यास) यांच्यानंतर असा अर्थहीन ‘न’ येतो. त्याला नकार समजून ‘ती जाणार नाही’ असे भाषांतर केले की वाक्य उलटे होते.

प्रश्न : एका वाक्यात ‘क’ (म्हणजे ‘की’) कुठेच नव्हता, तरी हे रूप होते. मग ते स्यूब्जोंक्तिफ कसे?

उत्तर : तिथे त्याने कोंदिस्योनेल पासेची, म्हणजे ‘झाले असते’ सांगणाऱ्या रूपाची, जागा घेतली आहे. जुनी व्याकरणे याला कोंदिस्योनेल पासेचे ‘दुसरे रूप’ म्हणतात. सगळ्या पुरुषांत ते प्ल्यू-क-पार्फेशी अक्षर न् अक्षर जुळते. बोलीतले ‘सिल आव्हे स्यू, इल सरे व्हन्यू’ हे वाक्य साहित्यिक लेखनात ‘सिल यू स्यू, इल फ्यू व्हन्यू’ असे होऊ शकते. एकच अर्धा बदलला तरीही चालते, म्हणजे एकूण चार जोड्या बनतात आणि चारही शुद्ध आहेत.

मराठी वाचकाला ही रचना खरे तर जवळची वाटायला हवी. ‘त्याला कळलं असतं तर तो आला असता’ यात दोन्ही अर्ध्या भागांत आपण ‘असता’च वापरतो, ‘सिल यू स्यू, इल फ्यू व्हन्यू’ यातही दोन्हीकडे एकच काळ आहे. पण हीच सवय रोजच्या फ्रेंचमध्ये घात करते. दोन्हीकडे सारखे रूप हवे असे वाटून ‘सी जोरे स्यू’ तोंडून निघते. ‘सी’नंतर (म्हणजे ‘जर’नंतर) जर-तरच्या अर्थाने कोंदिस्योनेल येत नाही: ‘सी जाव्हे स्यू’ हेच बरोबर. कोंदिस्योनेलपैकी सी-नंतर चालते ते फक्त ‘दुसरे रूप’, कारण घडणीने ते स्यूब्जोंक्तिफच आहे.

‘सी’ गाळून कर्ता मागे टाकण्याचीही पद्धत आहे: ‘यू-तिल अँसिस्ते, एल न्यू पा सेदे’, त्याने हट्ट धरला असता तरी ती बधली नसती. ‘न्यू-तेते सोन एद’ म्हणजे त्याची मदत नसती तर. आणि आजही सहज वापरला जाणारा साचा म्हणजे ‘की ल्यू क्र्यू?’, कुणाला खरं वाटलं असतं? पूर्ण प्ल्यू-क-पार्फे आहे, पण बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

प्रश्न : वाचताना दोन्ही उपयोग चटकन वेगळे कसे ओळखायचे?

उत्तर : जागा बदलून पाहा. ‘यू’च्या जागी ‘ओरे’ किंवा ‘फ्यू’च्या जागी ‘सरे’ ठेवा. वाक्य टिकले तर ते कोंदिस्योनेल. मोडले तर ‘ए’ किंवा ‘स्वा’ ठेवून पाहा. टिकले तर ते खरे स्यूब्जोंक्तिफ. ‘सी’च्या पोटवाक्यात मात्र थेट ‘आव्हे’ किंवा ‘एते’ ठेवा.

‘क’ दिसला की स्यूब्जोंक्तिफच, असे मात्र धरू नका. ‘ज क्र्वा किल यू रेयूसी’ यात ‘क’ आहे, पण ‘मला वाटतं’ या होकारी क्रियापदाला स्यूब्जोंक्तिफ लागत नाही. म्हणून इथे ‘यू’ म्हणजे ‘ओरे’: मला वाटतं, तो यशस्वी झाला असता. नकार घालून काळ मागे नेला की चित्र पालटते: ‘ज न क्र्वाये पा किल यू रेयूसी’, तो यशस्वी झाला असेल असं मला वाटत नव्हतं. आता हे स्यूब्जोंक्तिफ म्हणून वाचायचे. तरी ‘झाला असता’ हा अर्थही व्याकरणात बसतो आणि निवाडा आजूबाजूची वाक्येच करतात. अशा ठिकाणी एका वाक्यावरून भाषांतर करू नये.

प्रश्न : ‘आप्रे किल यू पार्ले’ यातल्या ‘यू’वर टोपी हवी की नको?

उत्तर : नको. ‘आप्रे क’, म्हणजे ‘नंतर’, घडून गेलेली गोष्ट सांगते, तिथे पासे आँतेरियर (पासे सँप्लच्याही आधी घडलेले सांगणारा काळ) येतो आणि त्याचा ‘यू’ बिनटोपीचा. ‘आव्हाँ क’, म्हणजे ‘आधी’, स्यूब्जोंक्तिफ मागते: ‘आव्हाँ किल यू पार्ले’, टोपीसह. उच्चार तंतोतंत एक असल्याने छापील फ्रेंचमध्येही ‘आप्रे क’नंतर चुकून टोपी आलेली दिसते.

शंका आली तर कर्ता अनेकवचनी करा. ‘आप्रे किल-झ्यूर पार्ले’ आणि ‘आव्हाँ किल-झ्यूस पार्ले’: र ऐकू आला तर टोपी नाही, स ऐकू आला तर टोपी. ‘नू’ घेऊन ही कसोटी लावू नका. पासे आँतेरियरच्या ‘नू-झ्यूम’ला स्वतःची टोपी असते आणि गोंधळ वाढतो.

प्रश्न : १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत यूवरची टोपी गेली ना?

उत्तर : त्या सुधारणेत आय आणि यू यांच्यावरची टोपी अनेक शब्दांत ऐच्छिक झाली. पासे सँप्ल आणि स्यूब्जोंक्तिफचे अँपार्फे व प्ल्यू-क-पार्फे यांच्या प्रत्ययांतली मात्र स्पष्टपणे राखली आहे. कारण वरच्या उत्तरात आहेच: ती काढली तर दोन वेगळे काळ एकसारखे दिसतील.

प्रश्न : परीक्षेत किंवा निबंधात मी हे रूप वापरू का?

उत्तर : ओळखता यायलाच हवे. लिहिण्याची सक्ती नाही. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने परीक्षांसाठी सवलत दिली: काटेकोर कालसंगतीनुसार जिथे प्ल्यू-क-पार्फे हवा, तिथे स्यूब्जोंक्तिफचा पासे (‘ए’ किंवा ‘स्वा’ घेणारा भूतकाळ) चालेल. ‘किल यू-तूब्लिये’ऐवजी ‘किल ए-तूब्लिये’. बोलताना सगळे हेच करतात.

वापरायचेच असेल तर पासे सँप्लमध्ये लिहिलेल्या कथनात वापरा, आणि तृतीय पुरुषातच. सगळा मजकूर पासे कोंपोझेत आणि मधेच एक ‘फ्यूसियों’ आला तर तो कानाला खटकतो. पत्रात किंवा ईमेलमध्ये ‘ज्यूस एमे’ लिहू नका, ‘जोरे एमे’ लिहा. अर्थ तोच राहतो आणि वाचणाऱ्याला तुम्ही मुद्दाम भारदस्त बोलताय असे वाटत नाही.