बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला बेळगावात आधी काम बघून द्यावं की आधी खोली?

तुम्ही लिहिलंय की ओळखीचा एक मुलगा येत्या १ जूनला अठरा पूर्ण करतोय, बालगृह सोडावं लागणार, तर आधी काय बघायचं. आधी खोली. याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या दिरांचं २०१९ पासून बिनसलेलं आहे, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले.

१ जून वाचूनच काळजात चर्र झालं. ज्याची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, त्याच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून पडते. आमच्याकडे आलेल्या पोराचीही तीच. म्हणजे अशी किती मुलं अठराची होतात ती ऐन पावसाच्या तोंडावर, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार.

आमची अनगोळात खानावळ आहे. उद्यमबागेत फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये कामाला असलेली पोरं डबे नेतात. दोन खोल्या भाड्याच्या, शिवाय गच्चीवर पत्र्याची एक. डबा न्यायला येणाऱ्या एकाने त्या पोराला माझ्यासमोर आणून उभं केलं. दहा रात्री बसस्थानकावर काढून आलेला. पोलिसाने हटकलं तर “चंदगडची पहिली गाडी धरायची आहे” म्हणायचा. आई चंदगडकडची होती एवढंच त्याला माहीत, म्हणून तोंडात तेच गाव. त्या गाडीत तो कधी बसला नव्हता.

मी किल्ली हातात दिली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच विचारलं, “मावशी, आतनं कडी लावली तर चालतंय काय?” अठरा वर्षांत त्याच्या झोपायच्या जागेचं दार त्याने स्वतः कधी लावलं नव्हतं. पहिले आठ दिवस उघड्या दारानेच झोपला. पहाटे पाचला उठून जिन्यावर बसायचा, कुणीतरी पुढचं सांगेल म्हणून. दहा किलो बटाटे सोलून दे म्हटलं की तासाभरात ढीग लावायचा, पण पाव किलो मिरची आणायला पाठवलं तर दोन किलो घेऊन आला. एवढंसं मागितलं तर दुकानदार देतो हेच त्याला माहीत नव्हतं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात सांगा मला.

काम लावलं होतं, मशीन शॉपमध्ये हेल्पर म्हणून. एकोणिसाव्या दिवशी सुपरवायझर चारचौघांत ओरडला आणि हा डबा तिथेच टाकून परत आला. पुढचे सहा आठवडे कामाचं नाव नाही. निम्मा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून. दीर आले नि म्हणाले, “वहिनी, काम नाही तर खोली नाही. आधी पायावर उभं राहू दे त्याला.”

मी त्यांना म्हटलं, “भावजी, तुमचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, इंजिनीअर आहे, दोन वर्षं घरी बसून नोकरी शोधतोय. त्याचं अंथरूण कुणी बाहेर टाकलंय का?” जावेसमोर म्हटलं, ते चुकलं असेल. पण खोटं एक अक्षर नव्हतं, आणि आजही बदलून सांगणार नाही. घरातल्या पोराला वेळ द्यायचा आणि ज्याला घरच नाही त्याला महिनाभरात हिशोब मागायचा, हा कुठला न्याय?

त्यात ऑगस्ट आला. २०१९ चा तो पाऊस इथला माणूस विसरणार नाही. एका सकाळी वर गेले तर खोलीत चौघं. बालगृहातलेच तिघं, कुठेतरी शेडमध्ये राहत होते, तिथे पाणी शिरलेलं. दिरांना आयतं सापडलं. रागावले मीही, कारण मला विचारलं नव्हतं. पण या मुलांना सख्खं म्हणून असतात ती एवढीच, भिजत आलेल्या भावाला तुम्ही दारातून परत पाठवाल का? मग नियम केला: एका वेळी एकच पाहुणा, दोन रात्री, आणि आधी मला सांगायचं. तिघांची दुसरीकडे सोय लागेपर्यंत मात्र नियम बाजूला ठेवला. तो नियम त्याने पुढे कधी मोडला नाही.

ऑक्टोबरात तो स्वतःच काम शोधून आला. आधारवर बालगृहाचा पत्ता होता, तो बदलायला मी भाडेकरार करून दिला, त्यावर बँकेचं खातं निघालं. पगार खात्यात येणार म्हटल्यावर चांगल्या ठिकाणी ठेवून घेतलं. पत्ताच नसता तर हे कशावर झालं असतं? मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, भाड्याची सगळी पोरं आपापल्या गावी गेली. हा एकटा राहिला, कारण त्याचं गाव ती खोलीच. माझ्याबरोबर चुलीपाशी उभा राहून उद्यमबागेत अडकलेल्या परप्रांतीय कामगारांना डबे पोचवले. दीर आता म्हणतात, “तुमचा निघाला बरा, नशीब.” नशीब नाही. ते सहा आठवडे त्याला कुणी बाहेर काढलं नाही, म्हणून तो पुढे टिकला.

आता तुमच्या मुलाचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे, अठरानंतर संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदतीचं. २०१६ च्या केंद्राच्या आदर्श नियमांत नंतरची देखभाल एकविसाव्या वर्षापर्यंत, काही विशेष कारण असेल तर तेविसाव्यापर्यंत धरली आहे, आणि सहा ते आठ जणांनी मिळून तात्पुरतं राहायची सोयही त्यात लिहिली आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे महिन्याला ४००० रुपये आहेत. संस्था सोडण्याआधी दोन महिने पुढचा आराखडा तयार व्हायला हवा असंही नियमात आहे. म्हणजे तुमच्याकडे मार्चअखेरपर्यंतचीच मुदत. जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे जा, बालकल्याण समितीपुढे अर्ज ठेवा, अर्ज कानडीतून द्या. माझं शिक्षण मराठीतून, मी मराठीत लिहून नेलेला कागद एका ऑफिसात तीनदा परत आला. शेवटी शेजारच्या मुलीकडून कानडीत लिहून घेतला. सीमाप्रश्नाचा राग मलाही आहे, पण तो या पोराच्या अर्जावर काढू नका.

कोल्हापूरचे नातेवाईक सांगतील की महाराष्ट्रात अनाथांना २०१८ पासून १ टक्का आरक्षण आहे. आहे, पण त्याला तिथल्या महिला व बालविकास खात्याचं अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि तुमच्या मुलाचे सगळे कागद कर्नाटकातले. त्यावर भिस्त ठेवून इथला अर्ज राहू देऊ नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन अठराच्या आतल्यांसाठी आहे, तेव्हा जे विचारायचं ते वाढदिवसाआधीच विचारून घ्या. रात्र निवाऱ्याचा पर्याय कुणी सुचवेल. एखाद्या रात्रीसाठी ठीक, पण म्हाताऱ्या, आजारी, दारूच्या नादी लागलेल्या माणसांमध्ये अठराच्या पोराला महिनोन्‌महिने ठेवायचं नसतं.

एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे नंतर आणखी एक मुलगा आला, तो टिकला नाही. त्याला दारू लागली होती, ते माझ्या हातातलं काम नव्हतं, आणि तेव्हा मी उशिरा मदत मागितली. तुमच्या मुलाचं तसं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा, नुसत्या खोलीने भागणार नाही. मुलींचा मला अनुभव नाही, त्यांच्याबाबत माझं ऐकू नका.

गच्चीवरची खोली मेअखेर रिकामी होतेय. तो पहिला पोरगा आता जवळच्या मच्छे गावात भाड्याने राहतो, रविवारी येऊन पत्रे बघून जातो, गळती काढून देईन म्हणालाय. इथे निरोप टाका, मुलाला एकदा दाखवायला घेऊन या. डिपॉझिट नको, भाडं पहिल्या पगारापासून. मात्र महिनाभरात कामाचं काय झालं म्हणून विचारायला येणार असाल, तर दुसरीकडे बघा.