घरी हँडहेल्ड रेट्रो गेम कन्सोल बनवायचा आहे, सोल्डरिंग थोडंफार येतं. सुरुवात कुठून करू?

बॅटरीपासून करा. बहुतेक जण आधी मेमरी कार्डवर रेट्रोपाय, म्हणजे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकतात आणि टीव्हीवर गेम दिसला की अर्धं काम झालं असं समजतात. तो भाग सगळ्यात सोपा. प्रोजेक्ट अडतो वीजपुरवठ्यापाशी.

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर घ्या. एनईएसपासून गेम बॉय ॲडव्हान्सपर्यंतच्या जुन्या निन्टेंडो कन्सोलचे सगळे गेम त्यावर छान चालतात. त्याला ५ व्होल्ट लागतात, लिथियम सेल देतो ३.७, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर. स्क्रीन, स्पीकर मिळून ३ वॅट धरा. ३००० एमएएचचा १८६५० (दंडगोल लिथियम) सेल म्हणजे ११ वॅट-तास, कन्व्हर्टरमधली गळती सोडून तीन तासांचा खेळ. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल स्वस्त आहे, पण चार्जिंग चालू असताना त्यावर खेळू नका. करंट सेलमध्ये जातोय की रास्पबेरी पायकडे, हे त्याला कळत नाही, मग सेल भरला तरी ते थांबत नाही. खेळता खेळता चार्ज करायचं तर सेल आणि कन्सोल दोघांना वेगळी वीज देणारा, लोड शेअरिंगवाला बोर्डच हवा. आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल कृपा करून नको. ही वस्तू तासन् तास हातात राहणार आहे, बहुधा घरातल्या मुलांच्याही.

स्क्रीनचं गणित आधी करा. ३२० बाय २४० पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे ७४ मेगाबिट. छोट्या स्क्रीन ज्या एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीने लागतात, ती ३२ मेगाहर्ट्झवर याच्या निम्मंही पोचवत नाही, त्यामुळे मारिओ धावायला लागला की चित्र अडखळतं. बदललेले पिक्सेल तेवढेच पाठवणारा एफबीसीपी-आयएलआय९३४१ ड्रायव्हर टाकला की खूप फरक पडतो. अनेक तारांनी समांतर जोडलेली डीपीआय स्क्रीन याहून सुरेख चालते, पण २४ बिटला बोर्डवरच्या सगळ्याच जीपीआयओ (इनपुट-आउटपुट) पिना जातात, बटणांना काही उरत नाही. पहिल्या कन्सोलला एसपीआयच बरी.

बटणाचं एक टोक जीपीआयओ पिनेला, दुसरं ग्राउंडला. बटण न दाबता पिन वरच्या पातळीवर धरणारे पुल-अप रेझिस्टर रास्पबेरी पायमध्येच आहेत. टकटक वाजणाऱ्या टॅक्ट स्विचपेक्षा गेम बॉयचे सुटे रबरी पॅड बोटांना कितीतरी सुखाचे. झीरोला हेडफोन जॅक नाही, आवाजासाठी मॅक्स९८३५७ए हा छोटा ॲम्प्लिफायर लावा.

चालू कन्सोलची वीज थेट तोडली तर कार्डवरचा डेटा बिघडू शकतो. जीपीआयओ ३ आणि ग्राउंडमध्ये बटण लावून कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरलेची (तयार सेटिंगची) ओळ टाका. त्याच बटणाने रास्पबेरी पाय बंदही होतो आणि पुन्हा उठतोही.

पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळच्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फिरा, स्क्रीन आणि बटणं हाताळून घेता येतात. बाहेरचा डबा मात्र सगळी जोडणी टेबलावर नीट चालल्यावरच थ्रीडी प्रिंट करा.