“मी तर नियमच पाळला, मग झोप का उडाली?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

भिवंडीच्या एका गोडाऊनमधले शिफ्ट इनचार्ज माझ्याकडे आले ते झोपेची तक्रार घेऊन. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायचं. दुसऱ्या भेटीत खरं कारण बाहेर आलं.

कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, रजेचा अर्ज तीन दिवस आधी अ‍ॅपवर टाकायचा. प्रत्यक्षात सकाळी फोन यायचा, “दादा, आज जमणार नाही.” हे हजेरी लावून टाकायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला बोलावून तो दिवस भरून घ्यायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सोमवारी पॅकिंगमधल्या ताईंचा फोन आला, सासूबाईंना अ‍ॅडमिट केलंय. त्याच दिवशी ऑडिटवाले दारात उभे. यांनी नियमावर बोट ठेवलं, दिवस बिनपगारी झाला. ताई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून यांना ‘दादा’ऐवजी ‘सर’ म्हणू लागल्या, एवढंच.

“मॅडम, नियम मोडत होतो तेव्हा शांत झोपायचो. पाळला तर ही गत!”

हा प्रश्न माझ्याकडे बरेच सुपरवायझर आणतात. आपण कठोर झालो का, ही त्यांची शंका असते. मला वाटतं, दुखणं वेगळंच असतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी होती. कुणाचा कुठला दिवस ‘अ‍ॅडजस्ट’ केला, त्याची नोंद. म्हटलं, वाचा मोठ्याने. चार महिन्यांत एकवीस नोंदी. दहा-बारा नावांनंतर ते स्वतःच थांबले. बहुतेक नावं त्यांच्या गावाकडची, एकाच गाडीने ये-जा करणारी. पॅकिंगमधली एकही बाई नाही. पान उघडंच होतं, ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

“मी मुद्दाम नाही केलं हो.”

मुद्दाम नव्हतंच. पण सवलत जेव्हा एकाच्या खिशात राहते, तेव्हा ती मागायची हिंमत ज्याला होते त्यालाच मिळते. शिवाय, माणूस घरी आणि कागदावर गोडाऊनमध्ये. त्या दिवशी आग लागली तर शोधणार कुणाला? हे ऐकल्यावर मात्र ते दचकले.

मग नियमाकडे वळलो. सासूबाई तीन दिवस आधी सांगून आजारी पडत नाहीत! महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, दर तिमाहीला खात्यात जमा होणारी. अचानक येणाऱ्या अडचणीसाठीच्या रजेला तीन दिवसांची अट घालणारा नियम रोज मोडणारच. म्हणून “उद्यापासून काटेकोर व्हा” असं मी त्यांना सांगितलं नाही. डायरी घेऊन मॅनेजरकडे जा म्हटलं. त्याला त्यांनी दोन आठवडे लावले. भीती होती, चूक आपल्याच गळ्यात पडेल. थोडी पडलीही, लेखी समज मिळाली.

पण आता शिफ्ट सुरू व्हायच्या आत मेसेज केला तर सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा धरतात, सगळ्यांची. नियमित रजेला तीन दिवसांची अट कायम. ताईंचा कापलेला दिवस पुढच्या पगारात परत आला.

शेवटच्या भेटीत म्हणाले, “झोप लागते आता. पण त्या अजून ‘सर’च म्हणतात.”

“म्हणू देत,” मी म्हटलं.