अकबर गंजी कोण, आणि इराणने त्यांना जेलमध्ये का टाकलं?

थोडक्यात सांगायचं तर लेखांमुळे. गंजी १९६० चे, तेहरानचे, आणि लोकांना हे माहीतच नसतं की ते सुरुवातीला १९७९ च्या इस्लामी क्रांतीच्या बाजूचेच होते, रिव्होल्युशनरी गार्डमध्ये (क्रांतीच्या रक्षणासाठीची फौज) पण होते, नंतर हळूहळू भ्रमनिरास झाला आणि पत्रकारितेत आले.

१९९८ मध्ये तिथे लेखक आणि विरोधकांचे एकामागून एक खून झाले, विरोधी नेते दारियुश फोरूहर आणि त्यांच्या बायकोला तर घरातच मारलं, १९९९ मध्ये गुप्तचर खात्याने आमच्याच काही लोकांनी केलं असं कबूल केलं पण गंजी तिथे थांबले नाहीत, सोब्ह-ए-एमरूझ पेपरात लिहीत राहिले की आदेश वरून आले, माजी गुप्तचर मंत्री फल्लाहियानचं नाव घेतलं. केवढी हिंमत लागते याला!

२००० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेवरून परतल्यावर अटक झाली, सहा वर्षं आत. २००५ मध्ये ५० दिवसांहून जास्त उपोषण केलं, तेव्हाचे फोटो बघवत नाहीत, नुसता सांगाडा. मला स्वतःला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते जेलमधून लिहिलेला प्रजासत्ताकाचा जाहीरनामा, त्यात सरळ म्हटलंय की धर्मसत्ता आणि लोकशाही एकत्र नांदू शकत नाही. मार्च २००६ मध्ये सुटले आणि त्याच वर्षी देश सोडला.