रिसेप्शनमध्ये कुणी कुठं बसायचं याची कार्डं घरी कशी करावीत?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात लातूरला धाकट्या बहिणीचं रिसेप्शन आहे, पाहुणे २०० च्या आसपास, गोल टेबलं आहेत आणि बसण्याच्या जागेची कार्डं तुम्हाला घरीच करायची आहेत. वडिलांचं म्हणणं, पाहुण्याला जागा दाखवायची म्हणजे त्याचा अपमान. मी परभणीची. भावाच्या रिसेप्शनला हे काम माझ्याकडं होतं, एप्रिलच्या उन्हाळ्यात. त्यात जे जमलं आणि जे चुकलं ते दोन्ही सांगते.

आधी वडिलांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, विहिणीच्या पंगतीची आठवण काढा. पाट मांडलेले, पानांभोवती रांगोळी, उदबत्ती लावलेली, आणि कुठल्या पाटावर कोण बसणार हे घरातल्या मोठ्या बाईच्या डोक्यात पक्कं असायचं. जागा दाखवली म्हणून तिथं कुणी रुसत नव्हतं. रुसवा व्हायचा तो आपला पाट मांडला नाही म्हणून. कार्ड हा तसाच मांडलेला पाट आहे. माझ्या वडिलांना हे पटलं, तुमच्याही वडिलांना पटेल असं वाटतं. एकदा हे डोक्यात बसलं की कार्डावर काय लिहायचं, किती करायची, कुठं ठेवायची हे सगळं त्यावरून ठरवता येतं.

२०० माणसांची २०० कार्डं करू नका. आपल्याकडं माणूस एकटा येत नाही, घर येतं. दारात एका घराला एक कार्ड, त्यावर नाव आणि टेबल कुठलं ते, एवढंच. टेबलावर कुणी कुठल्या खुर्चीत बसायचं ते त्यांचं ते बघतील. खुर्चीसमोर नावाचं कार्ड ठेवायचं ते फक्त मानाच्या दोन-तीन टेबलांवर: व्याही मंडळी, मामा, आजी-आजोबा. आमच्याकडं २६० पाहुणे होते आणि दारातली कार्डं भरली ७४. टेबल ५ फुटी असेल तर ८ माणसं ऐसपैस बसतात, १० बसवली तर कोपराला कोपर लागतं. ६ फुटीवर १० नीट बसतात. मंगल कार्यालयवाल्याला माप विचारून घ्या, तो ‘मोठं टेबल आहे’ एवढंच सांगेल, टेप घेऊन जा.

आता नावं. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कागदाला नंतर.

मी पाहुण्यांची यादी एक्सेलमध्ये केली होती. वेळ वाचावा म्हणून पुरुषांच्या नावाआधी ‘श्री.’ आणि बायकांच्या नावाआधी ‘सौ.’ एकदम भरून टाकलं आणि मेल मर्जनं, म्हणजे यादीतली नावं कार्डांवर आपोआप भरून, कार्डं काढली. ७४ कार्डं दोनदा तपासली, पण तपासली ती शुद्धलेखनासाठी. आमच्या एका मावशींचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. त्यांच्या कार्डावर ‘सौ.’ आलं. मी दाराशीच उभी होते. मावशींनी कार्ड उचललं, वाचलं, अंगठा त्या अक्षरावर ठेवला आणि तसंच धरून आत गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर मी जवळ जाऊन माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, “अगं, पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी अजून तसंच लिहितंय, बरं वाटलं. मग रडू आलं.” हे लिहितानाही मला तो अंगठा दिसतो.

म्हणून माझं ठाम मत सांगते: श्री., सौ., श्रीमती यातलं काहीही कार्डावर घालू नका. ज्या नावानं तुम्ही त्या माणसाला घरात हाक मारता ते लिहा. ‘सेलूचे मामा-मामी’, ‘जिंतूरची आत्या’, ‘वसमतचे दाजी’. एकाच गावात दोन मावश्या असतील तर ‘थोरली मावशी, सेलू’ असं. असं कार्ड हातात आलं की माणसाचा चेहरा बदलतो, हे मी दारात उभं राहून पाहिलंय. ऑफिसातल्या किंवा शाळेतल्या लोकांना मात्र नुसतं नाव-आडनाव बरं, नाहीतर ‘देशमुख सर’. मुलाकडच्या पाहुण्यांची नावं तुम्ही अंदाजानं लिहू नका. त्यांच्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला फोन करून विचारा, कुणाला काय म्हणतात ते. मी भावाच्या सासूबाईंना विचारलं तर त्यांनी तासभर एकेका नात्याची ओळख करून दिली, आणि लग्नाआधीच आमची दोघींची चांगली गट्टी जमली.

दारात कार्डं कशी मांडायची? पहिल्यांदा मी आडनावांच्या अकारविल्ह्यानं लावून बघितली. जाधव, शिंदे, पाटील, देशमुख यांचेच ढीग झाले, बाकी जागा रिकामी. मग सगळी मोडून गावांप्रमाणे लावली: जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा. माणूस येतो, आपल्या गावाच्या ओळीपाशी जातो, चार कार्डांत आपलं शोधतो. तुम्ही औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, चाकूर, रेणापूर अशा पाट्या करा. शेजारच्या गावाच्या ओळीत कोण कोण आलंय हेही लोक वाचत उभे राहतात, त्यामुळं तिथं थोडी जागा मोकळी ठेवा.

टेबलांना नंबर देऊ नका. नंबर दिला की १ नंबरवाला मोठा आणि २२ नंबरवाला कुठंतरी कोपऱ्यातला, असा अर्थ लागतोच. आम्ही नद्यांची नावं दिली: गोदावरी, पूर्णा, दुधना, कयाधू, सिंदफणा, आसना. तुमच्याकडं मांजरा, तेरणा, तावरजा, तिरू, घरणी, रेणा, मन्याड, लेंडी आहेतच. म्हातारी माणसं अशी नावं चटकन लक्षात ठेवतात, आणि एखाद्या टेबलावर आपोआप बोलणं निघतं की यंदा नदीला पाणी किती होतं. टेबलावरची पाटी मात्र उंच हवी, जेवणाच्या ताटांमागं झाकली जाईल अशी नको.

आता कागद. ए४ आकाराच्या जाड कार्डशीटमधून ६ कार्डं निघतात. रुंदीचे दोन भाग, उंचीचे तीन. प्रत्येक कार्ड १०.५ सेंमी रुंद आणि ९.९ सेंमी उंच. मधोमध घडी घातली की पाच सेंमीच्या थोडं आत उंचीचं, तंबूसारखं उभं राहणारं कार्ड तयार. मराठी नावाला ही रुंदी पुरते, २८ पॉइंटमध्ये ‘वसमतचे दाजी’ आरामात मावतं. वरच्या अर्ध्या भागात तेच नाव उलटं, म्हणजे डोकं खाली करून, छापा, म्हणजे घडी घातल्यावर दोन्ही बाजूंनी वाचता येतं. समोर बसलेल्यालाही कळतं की हे कोण.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये). घरातल्या प्रिंटरमधून तो बहुतेक जात नाही, अडकतो. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढा. लेझरची शाई ओल्या हातानं पसरत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर पाणी सांडतंच. फक्त घडीच्या रेषेवर गडद रंग ठेवू नका, घडी घातली की तिथला रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते.

डीटीपीच्या दुकानात मजकूर मोबाइलवरून पाठवू नका. आपल्याकडं अजून बरेच जण श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. तुमचा युनिकोडचा, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसा, मजकूर त्यात गेला की गिचमिड होते, मग ते परत टाइप करतात आणि नावं चुकतात. आमच्या यादीत कऱ्हाळे होते. पहिल्या प्रुफात ‘र्‍हा’ची पार मोडतोड झालेली. घरी मुक्ता किंवा बालू फॉन्टमध्ये कार्डं मांडा, पीडीएफ करा आणि तीच द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ नको, १०० टक्के आकार सांगा, नाहीतर कापायच्या रेषा सरकतात आणि प्रत्येक कार्ड दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होतं.

कापायला बायंडिंगवाल्याकडं द्या, त्याच्या मशिनवर सगळा गठ्ठा एकदम कापला जातो. घडी मात्र घरी. स्टीलची पट्टी धरायची, शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं एक रेघ दाबून ओढायची आणि मग दुमडायचं. रेघ न ओढता दुमडलं तर जाड कागद वाकडातिकडा फुटतो. घडी कागदाच्या पोताच्या, म्हणजे आतल्या तंतूंच्या, दिशेनं असेल तर आणखी स्वच्छ बसते. एक कोरा कागद आडवा आणि उभा असा दोन्हीकडून हलकेच वाकवून बघा, जसा वाकवताना कमी जोर लागतो तशीच घडी घाला.

मानाच्या टेबलांवरची २४ कार्डं मी छापली नाहीत. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासून तिथल्या हातकागदाची परंपरा सांगतात. तिथून कागद आणला. कडा फाटक्या, पोत खरबरीत, उजेडात धरला की आतले धागे दिसतात. या कागदावर जेल पेन चालवू नका, शाई फुटून अक्षराला मिशा येतात. तुकड्यावर चार-पाच पेनं लावून बघा. आम्हाला बारीक टोकाचं वॉटरप्रूफ पेन जमलं. लिहिलं मोठ्या काकांनी, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आधी सगळी शिरोरेषा ओढायचे, मग एकेक अक्षर तिला टांगत जायचे, आणि पूर्ण नाव झाल्यावर कागद लांब धरून ‘हं’ म्हणायचे. २४ कार्डांना दोन दुपारी लागल्या. तुमच्या घरात किंवा गल्लीत असं अक्षर असलेलं कुणी असेल तर त्यांना जरूर सांगा. त्यांनाही ते काम हवं असतं.

कार्ड उभं राहील कसं, याचा विचार आधीच करा. ३०० जीएसएमचं हे कार्ड जेमतेम ३ ग्रॅम भरतं. आमच्या कार्यालयात उन्हामुळं मोठे कूलर लावले होते, पहिल्या दहा मिनिटांत दारातली कार्डं जमिनीवर. कूलरच्या दमट हवेनं हातकागदाची कार्डं वाकलीही. मग आईनं रुखवतातल्या सुपाऱ्या काढून दिल्या आणि आम्ही प्रत्येक कार्डाच्या आत एक सुपारी गमच्या थेंबानं चिकटवली. डिसेंबरात तुम्हाला कूलर नसेल, पण लॉन असेल तर वारा असतोच. हे काम आदल्या दिवशीच करून ठेवा.

यादी आठ दिवस आधी बंद करा आणि तरीही १५ कोरी कार्डं, तेच पेन आणि चांगलं अक्षर असलेला एक मुलगा दारात बसवा. गावाकडून येणाऱ्या गाडीत ऐनवेळी आणखी दोघं चढतात. त्यांचं कार्ड त्यांच्यासमोर घाईघाईत लिहू नका. तोवर कुणीतरी त्यांना पाणी द्यावं, विचारपूस करावी, आणि पाणी पिऊन होईपर्यंत त्यांच्या गावाच्या ओळीत त्यांचं कार्ड उभं असावं.