बॉनेटच्या वळणावर दगडाने उडालेले रंगाचे टवके घरी भरता येतात का?

येतात, तांदळाच्या दाण्याएवढे असतील तर. गाडीच्या स्टिकरवरचा कलर कोड बघूनच टच-अपची बाटली घ्या. नुसतं 'पांढरा द्या' म्हणालात तर फसाल, पांढऱ्यातही दहा पांढरे असतात. जागा धुऊन, वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पत्रा उघडा पडला असेल तर आधी प्रायमर. झाकणातला ब्रश विसरा, टूथपिकच्या टोकाने रंग ठेवा. वळणावर जाड थेंब ओघळतो, म्हणून तीन-चार पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर.

आठवड्याने 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा बारीक पॉलिश पेपर) ओला करून हलकेच फिरवा, पण खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून. मी चपटा लाकडी ठोकळा वापरला. टवका तसाच राहिला आणि शेजारच्या उंचवट्यावरचा मूळ क्लिअर कोट गेला.