केनियाचे रायला ओडिंगा पाच निवडणुका हरले, तरी एवढे मोठे नेते कसे काय?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात वारलेले हे ओडिंगा नक्की कोण, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पाचदा हरलेल्या माणसासाठी देश एवढा का रडला. मी काही वर्षं नैरोबीत नोकरीला होतो, २०१७ ची निवडणूक आणि त्यानंतरचा सगळा राडा तिथंच पाहिला, त्यामुळे माझ्या परीने सांगतो.

हरले म्हणजे सत्तेबाहेर राहिले असं आपण धरून चालतो ना, तिथंच गडबड होते. रायला ज्याच्याशी भांडले त्यानंच शेवटी त्यांना बोलावून शेजारी बसवलं. मोई, किबाकी, उहुरू केन्याटा, रुटो, एकामागून एक झालेल्या या चौघाही राष्ट्राध्यक्षांनी. कारण एका हाकेवर लाखो लोक रस्त्यावर आणायचे आणि दुसऱ्या हाकेवर त्यांना घरी पाठवायचे ही ताकद देशात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

वडील जारामोगी ओगिंगा ओडिंगा स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष, पण राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांशी बिनसलं आणि घराणं विरोधात गेलं. रायला पूर्व जर्मनीत मॅग्डेबर्गला इंजिनियरिंग शिकून आले, नैरोबी युनिव्हर्सिटीत शिकवलं, गॅस सिलिंडरचा कारखाना काढला, सरकारी मानक खात्यात डेप्युटी डायरेक्टर झाले, म्हणजे सगळं छान चाललेलं. मग ऑगस्ट १९८२ ला हवाई दलातल्या काही जणांनी बंड केलं, ते लगेच मोडलं, आणि त्यात हात असल्याच्या संशयावरून यांना उचललं. देशद्रोहाचा खटला मागे घेतला तरी सोडलं नाहीच, १९८८ पर्यंत तसंच आत ठेवलं. १९८४ ला आई गेली ते त्यांना दोन महिन्यांनी कळलं. नंतर आणखी दोनदा अटक, शेवटी १९९१ ला नॉर्वेला पळाले.

आता गंमत बघा, ज्या मोईंनी हे केलं त्यांच्याच मंत्रिमंडळात २००१ ला हे ऊर्जामंत्री! १९९७ ला मोईंविरुद्ध उभे राहून तिसरे आले होते, मग स्वतःचा पक्षच मोईंच्या पक्षात विलीन केला, हिशोब असा की म्हातारा २००२ ला जाणार आणि गादी आपल्याला मिळणार. मोईंनी पुढे केलं उहुरूला, जोमो केन्याटांच्या मुलाला. झालं, रायला पक्षातले बडे बडे लोक घेऊन बाहेर पडले आणि नैरोबीतल्या उहुरू पार्क या बागेतल्या सभेत ‘किबाकी तोशा’ म्हणाले, म्हणजे किबाकी या पदाला पुरेसे आहेत. तेवढ्यावर विरोधकांचा उमेदवार ठरला. प्रचारात किबाकींना अपघात झाला तेव्हा देशभर सभा घेत फिरले ते रायलाच.

बदल्यात पंतप्रधानपद ठरलं होतं, मिळालं रस्ते, सार्वजनिक बांधकाम आणि गृहनिर्माण खातं. पण मंत्री म्हणून माणूस दणक्यात काम करायचा. बायपाससाठी राखीव जागेवरची बांधकामं पाडायला काढली, आणि २००४ मध्ये त्यात किबेरा झोपडपट्टीतली शेकडो घरंही गेली. किबेरा त्यांच्याच मतदारसंघात, आणि पाडलेल्या वस्तीचं नावसुद्धा रायला! तरी किबेरानं त्यांना सोडलं नाही, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

२००५ ला नव्या घटनेवर सार्वमत झालं, ‘हो’ साठी केळं आणि ‘नाही’ साठी संत्रं अशी चिन्हं होती. रायला मंत्रिमंडळात बसून संत्र्याचा प्रचार करत होते आणि संत्रं जिंकलं. किबाकींनी अख्खं मंत्रिमंडळच बरखास्त केलं, नव्यात यांना घेतलं नाही, आणि त्या संत्र्यावरून ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट हा पक्ष उभा राहिला.

२००७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं काय सांगू. मोजणीत पुढे असलेले रायला अचानक मागे पडले, किबाकींनी संध्याकाळी घाईघाईत शपथ घेतली आणि देश पेटला, ११०० च्या वर माणसं मेली, लाखो बेघर झाली. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली तेव्हा रायला पंतप्रधान झाले, आणि २०१० ची राज्यघटना त्याच काळात आली. माझ्या मते त्यांची खरी कमाई ती. त्याच घटनेतल्या सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०१७ ला, रायलांविरुद्ध जिंकलेल्या उहुरूंची राष्ट्राध्यक्षपदी झालेली निवड रद्द केली, आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडलं.

फेरनिवडणुकीवर रायलांनी बहिष्कार टाकला आणि ३० जानेवारी २०१८ ला उहुरू पार्कात स्वतःच ‘जनतेचा राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली. त्या दिवशी सरकारनं मोठी टीव्ही चॅनेल बंद केली होती, आमच्या ऑफिसात सगळे एकेका मोबाईलवर वाकून यूट्यूब बघत होते, शपथ दोन-चार मिनिटांत उरकली, आघाडीतले बाकीचे बडे नेते आलेच नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या वकिलाला पुढे थेट कॅनडाला पाठवून दिलं, रायलांना मात्र कुणी हात लावला नाही. आणि ९ मार्चला काय, तर रायला आणि उहुरू हसत हात मिळवतायत! आमचा ड्रायव्हर लुओ, म्हणजे रायलांच्या समाजाचा, महिनाभर उहुरूंना शिव्या घालत होता, तो दुसऱ्या दिवशी म्हणाला बाबांनी केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल. बाबा म्हणजे रायला, तिकडे तसंच म्हणतात.

मत मिळायचं, पण नेमकं कमीच पडायचं. आजवरचे पाचही राष्ट्राध्यक्ष किकुयू नाहीतर कालेंजिन समाजाचे, लुओ एकही नाही. २००७ ला जाहीर झालेला फरक साधारण २.३ लाख मतांचा, आणि २०२२ ला उहुरूंचा पाठिंबा असूनही रुटोंकडून हरले तेही साधारण २.३ लाखांनीच.

माझी तक्रार शेवटच्या दोन वर्षांबद्दल आहे. २०२४ ला तरुण पोरं करवाढीविरुद्ध संसदेत घुसली, गोळ्या खाल्ल्या, आणि रायलांच्या पक्षाचे लोक रुटोंच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले, अर्थखात्यासकट. पोरं भडकली ते चूक नव्हतं. फेब्रुवारी २०२५ ला रायलांना आफ्रिकन युनियन कमिशनचं अध्यक्षपद मिळवून द्यायला रुटोंनी जोर लावला, तिथंही जिबुतीच्या उमेदवारानं हरवलं.

केरळात ते आले होते कूथाट्टुकुलमच्या आयुर्वेदिक रुग्णालयात. मुलगी रोझमेरीची गेलेली दृष्टी तिथल्या उपचारांनी परत आली असं ते सांगायचे, मोदींनी ‘मन की बात’ मध्येही ते सांगितलं होतं. १५ ऑक्टोबरला सकाळी फिरताना हृदय बंद पडलं, वय ८०. नैरोबीत अंत्यदर्शनाला एवढी गर्दी लोटली की स्टेडियमवर सुरक्षा दलांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. पक्ष आता थोरले बंधू ओबुरू यांच्याकडे आहे, आणि २०२७ ला रुटोंबरोबर राहायचं की वेगळं लढायचं यावरून आतल्या आत जुंपलीय.